पहिला अंक निघाल्यानंतर

स्वतःचें कांहीं लिहावें आणि तें ठराविक दिवशीं चार लोकांपुढें ठेवीत जावें, ही इच्छा अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून दिसूं लागली आहे. पूर्वीं या इच्छेच्या वाटेंत छापखाना, कागद आणि टपालहंशील अशीं तीन दारें होतीं व प्रत्येक दाराशीं पैसे मोजावे लागत. आतां हातांतील मोबाइलवर लेख लिहावा आणि त्याच क्षणीं तो साऱ्या जगापुढें मांडावा, अशी सोय झाली आहे. खर्च म्हणावा तर जवळजवळ नाहींच. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचें डिंगोरे हें गांव आहे. येथेंही कॉलेजांत जाणारा पुतण्या, नोकरींतून मोकळे झालेले काका आणि दुपारची आवराआवर उरकल्यावर वही घेऊन बसणारी सून, अशा तऱ्हेतऱ्हेच्या माणसांच्या मनांत ही इच्छा उत्पन्न झालेली आम्ही पाहतों. सर्वांचा प्रश्न एकच असतो : आरंभ कसा करावा?

आमच्या मतें हा प्रश्न फारसा अवघड नाहीं. आरंभ कोणासही करतां येतो. खरी अडचण पहिला अंक निघाल्यानंतर सुरू होते, आणि तिचा विचार मात्र आरंभापूर्वींच करून ठेवावा लागतो. (अंक म्हणजे छापील मासिकच असें आम्ही समजत नाहीं, नेमलेल्या दिवशीं वाचकांपुढें ठेवलेला लेख, मग तो कोणत्याही साधनानें असो, त्यास आम्ही येथें अंक म्हणतों.) या अडचणी कोणत्या, आणि मराठींत ज्यांनीं त्या पार पाडल्या त्यांची रीति काय होती, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे.

शाळामास्तरास यांतील पहिली अडचण चांगली परिचयाची असते. आम्ही शाळेंत होतों तेव्हां मुलांकडून हस्तलिखित मासिक काढवीत असूं. पहिल्या अंकास इतके लेख येत कीं निवड करावी लागे. मुखपृष्ठावर शारदेचें चित्र, रंगीत शाई, कडेनें वेलबुट्टी, असा थाट असे. दुसऱ्या अंकास निम्मे लेख येत. तिसऱ्याच्या वेळीं मास्तरांस वर्गावर्गांतून हिंडून लेख मागावे लागत. आणि चौथा परीक्षा आटोपल्यावर काढूं, असें सर्वानुमतें ठरे. मुलें आळशी होतीं असें नव्हे. प्रत्येकाजवळ मनांत सांठलेली एकेक गोष्ट होती, ती पहिल्या अंकांत सांगून झाली. पुढची गोष्ट कोठून मिळवावी हें त्यांस ठाऊक नव्हतें. वयानें मोठ्या असलेल्या नवशिक्यांचेंही बहुधा असेंच होतें. पन्नास वर्षें मनांत घोळलेला विषय दोन पानांत संपतो, आणि लिहिणारा चकित होऊन कोऱ्या कागदाकडे पाहत बसतो.

एका माणसानें आपल्या एकट्याच्या लेखणीवर मासिक चालविल्याचें मराठींतील ठळक उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला. ती १८७४ च्या जानेवारींत पुण्यास सुरू झाली. त्या वेळीं शास्त्रीबोवांचें वय तेवीस वर्षांचें होतें आणि पेशा सरकारी शाळेंतील शिक्षकाचा. पहिला निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. पुढें सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि त्यांतील मजकूर जवळजवळ सर्व त्यांच्याच हातचा होता. इतिहास, भाषापद्धति, वाचन, वक्तृत्व, गर्व, मोरोपंतांची कविता, इंग्रज ग्रंथकार जॉन्सन याचें चरित्र, असे नाना विषय त्यांत आले आहेत. याचें कारण शास्त्रीबोवांची प्रतिभा, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु प्रतिभेच्या आधीं उमेदवारी झालेली होती. वडील कृष्णशास्त्री यांच्याकडे शालापत्रक हें शिक्षणविषयक मासिक होतें. त्याचें काम विष्णुशास्त्री १८६८ पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, पाहत होते. मजकूर जमविणें, तो तपासणें, वेळेवर छापखान्यांत धाडणें, हीं कामें स्वतःचें मासिक काढण्यापूर्वीं पांच-सहा वर्षें त्यांच्या अंगवळणीं पडलीं होतीं. लोकांनीं पाहिला तो १८७४ चा पहिला अंक. त्यामागची उमेदवारी कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं.

यावरून नवशिक्यानें घ्यावयाचा पहिला धडा असा कीं, शक्य असेल तर आधीं दुसऱ्याच्या पत्रांत लिहावें. गोपाळ हरि देशमुख यांनीं लोकहितवादी या नांवानें जीं पत्रें लिहिलीं तीं भाऊ महाजनांच्या प्रभाकर या साप्ताहिकांत १८४८ पासून १८५० पर्यंत येत होतीं. आरंभीं देशमुखांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. पत्र दुसऱ्याचें, त्याचा खर्च व त्याची काळजी दुसऱ्याची. यांनीं फक्त आपला लहानसा मजकूर लिहावयाचा. अशीं १०८ पत्रें झालीं आणि शतपत्रें या नांवानें तीं मराठी वाङ्मयांत कायमचीं राहिलीं. पुढें चिपळूणकरांनीं त्यांवर मालेंत कडक टीका केली. परंतु पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचीं तीं पत्रें अजून टीका करण्याजोगीं जिवंत आहेत, हें त्या टीकेनेंच सिद्ध झालें.

आमच्या जुन्नर तालुक्यांत लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर असे अष्टविनायकांपैकीं दोन गणपति आहेत, म्हणून लेखनिक गणपतीची कथा येथें आठवणें साहजिक आहे. व्यासांनीं महाभारत सांगावें व गणपतीनें तें लिहून घ्यावें असें ठरलें, तेव्हां गणपतीनें अट घातली कीं, माझी लेखणी मध्येंच थांबतां कामा नये. व्यासांनीं उलट अट घातली कीं, अर्थ समजल्यावांचून एक अक्षरही लिहूं नये. नवशिक्यानें या दोन्ही अटी स्वतःस लावून घ्याव्या. केवळ पहिलीच पाळली तर रोज कांहीं तरी खरडलें जातें आणि वाचणारा कंटाळतो. केवळ दुसरीच पाळली तर वही कोरी राहते. समर्थांनींही दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे, आणि त्यांत वळणदार अक्षर, ओळींची मांडणी, कागद, शाई व लेखण्या इतक्या बारीकसारीक गोष्टींचा विचार आहे. थोर विचार नंतर. आधीं हात आणि साधनें ताब्यांत असावीं, हा त्यांतला व्यवहार आहे.

व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर असें : पहिला लेख कोणासही दाखविण्यापूर्वीं सहा लेख पुरे लिहून पेटींत ठेवावे, आणि पुढील सहांचीं नांवें टिपून ठेवावीं. सहा लेख लिहून होत नसतील तर पत्र काढण्याची वेळ अजून आली नाहीं असें समजावें; त्यांत कमीपणा नाहीं. सहा झाले तर दिवस नेमावा. रोज लिहीन अशी प्रतिज्ञा करणारा पंधरवड्यांत थकतो. पौर्णिमेस किंवा महिन्याच्या पहिल्या रविवारीं एक, असा नेम घरांतील लग्नकार्यें, आजारपणें व पाहुणेराऊळे सांभाळूनही चालूं शकतो. नेम लहान असावा, पण घरच्या देवपूजेसारखा असावा. आज जमलें नाहीं म्हणून उद्यां, ही सवलत एकदां घेतली कीं ती पुनः पुनः घेतली जाते.

दुसरी अडचण वाचकांची. पहिल्या लेखास सासरचे, माहेरचे, जुने सोबती, शेजारी, सर्वजण छान म्हणून कळवितात. लिहिणाऱ्यास वाटतें कीं वाचकवर्ग मिळाला. वास्तविक ते लेख वाचीत नसतात. आपल्या माणसाचें कौतुक करीत असतात. कौतुक एकदां करून झालें म्हणजे तीं मंडळी आपापल्या कामास लागतात, आणि चौथ्या-पांचव्या लेखाचे वेळीं सारें सामसूम होतें. ही सामसूम पुष्कळांस निंदेपेक्षां असह्य होते. तिला तोंड देण्याकरितां मोठ्यांचे आंकडे लक्षांत ठेवावे. ज्या जॉन्सनचें चरित्र शास्त्रीबोवांनीं मालेंत लिहिलें त्यानें लंडनमध्यें १७५० च्या मार्चपासून रॅम्ब्लर नांवाचें पत्र काढलें. आठवड्यांतून दोनदां, दोन वर्षें, असे एकूण २०८ अंक निघाले. चार-पांच वगळतां सर्व त्याच्या एकट्याच्या लेखणीचे. त्याच वर्षांत तो आपला इंग्रजी कोशही रचीत होता. लंडनसारख्या महानगरांत या पत्राचा खप पांचशें प्रतींच्या पलीकडे गेला नाहीं. पुढें तेच अंक पुस्तकरूपानें निघाले आणि त्याच्या हयातींतच त्यांच्या अनेक आवृत्त्या झाल्या.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत दर्पण हें पत्र काढलें, तेव्हां ते विशीच्या आसपास होते. एका स्तंभांत मराठी व दुसऱ्यांत इंग्रजी अशी त्याची मांडणी होती. मराठी वाचूं शकणारे लोक थोडे, आणि वर्तमानपत्र म्हणजे काय याचीच बहुतेकांस ओळख नव्हती. तें पत्र साडेआठ वर्षें चालून १८४० सालीं बंद पडलें. आज ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रांत पत्रकार दिन म्हणून पाळतात. तेव्हां आपला लेख वीस माणसें वाचतात म्हणून खिन्न होण्याचें कारण नाहीं. वीस माणसें आमच्या गांवच्या देवळांत पुराणास बसलीं तर पुराणिक समाधानानें पोथी सोडतो. मात्र तीं वीस माणसें कोण आहेत हें जाणून घ्यावें, आणि त्यांतील एक-दोघांस चुका दाखविण्याची विनंति करावी. स्तुति करणारे शंभर मिळतील. ऱ्हस्वदीर्घ आणि अर्थ दोन्ही तपासणारा एक मिळाला तरी लेखकाचें भाग्य समजावें.

तिसरी गोष्ट द्रव्याची. लेखनासोबत जाहिराती येतात व त्यांतून पैसा मिळतो, असें हल्लीं नवशिक्यांच्या कानांवर येतें. मिळतो, हें खोटें नाहीं. पण ज्याच्याकडे मोठा वाचकवर्ग वर्षानुवर्षें येत राहतो त्यास मिळतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं मनोरंजन मासिक १८९५ सालीं सुरू केलें. मराठींतील पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचें नांव घेतात तो त्यांनीं १९०९ सालीं काढला, म्हणजे आरंभानंतर चौदा वर्षांनीं. १९२० सालीं निघालेल्या किर्लोस्कर खबरेच्या पाठीशीं किर्लोस्करवाडीचा कारखाना होता. स्वतः चिपळूणकर निबंधमाला सुरू झाल्यावरही पांच वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकरींतच राहिले. ती त्यांनीं १८७९ सालीं सोडली आणि पुढच्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. म्हणून आमचा सल्ला असा कीं चूल एका सरपणावर पेटवावी आणि लेखणी दुसऱ्या तेलावर चालवावी. ज्याच्या लेखावर घरचें धान्य अवलंबून आहे त्यास लोकांस काय आवडेल याचाच विचार करावा लागतो, आणि मग स्वतःचें पत्र काढण्याचा हेतूच नाहींसा होतो.

निंदेविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८७ सालीं केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत सुधारक काढला. पटले ते विचार त्यांनीं स्पष्ट मांडले. त्याबद्दल पुण्यांत त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढली गेली. १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. सामान्य नवशिक्याच्या वांट्यास इतका क्षोभ येत नाहीं. त्यास बहुधा एखाद्या अनोळखी मनुष्याचें उर्मट वाक्य किंवा नात्यांतल्या कोणाचा टोमणा सोसावा लागतो. त्यावर त्याच रात्रीं उत्तर लिहूं नये. टीकेंत तथ्य असेल तर पुढील लेखांत सुधारणा करावी. नसेल तर गप्प बसावें.

आतां मुख्य प्रश्न उरतो तो विषयाचा. नवशिके बहुधा यश, सुख, संस्कार, आजची पिढी, असे मोठमोठे विषय घेतात. या विषयांवर कोणीही कोठूनही लिहूं शकतो, आणि म्हणूनच तें कोणी वाचीत नाहीं. ज्या जागेवर आपणच उभे आहों तेथून काय दिसतें हें लिहावें. नेवासे तालुक्यांतील तरवडी या खेड्यांतून मुकुंदराव पाटील यांनीं दीनमित्र हें सत्यशोधक मताचें साप्ताहिक चालविलें. १९१० सालीं सुरू झालेलें हें पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षें, चाललें. त्यांतील पुष्कळ टीका भिक्षुक व कुळकर्णी यांच्यावर, म्हणजे आमच्या-तुमच्या आज्या-पणज्यांच्या घरांवरच होती. ती रुचण्यासाठीं लिहिलेली नव्हती. परंतु कुळकर्ण्याचें दप्तर शेतकऱ्यास ओटीखालीं उभें राहून कसें दिसतें, हें पुण्याच्या कोणा विद्वानास लिहितां आलें नसतें. तें लिहिणारा खेड्यांतच असावा लागला. पत्र दीर्घायु होण्यास शहराची गरज आहे, हा समज त्या सत्तावन्न वर्षांनीं खोटा पाडला.

साध्या तपशिलाचें मोल किती, हें आमच्या तालुक्यांतील दगडांवरही पाहावयास मिळतें. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि त्यांत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले याचे आंकडे त्यांत कोरले आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील लेख त्याहून पुष्कळ लहान आहेत. कोण, कोठला, त्यानें काय दिलें, इतकेंच ते सांगतात. एके ठिकाणीं धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिल्याची नोंद आहे. कांहीं दाते यवन होते असें तीन लेखांवरून कळतें. कोरविणाऱ्यांनीं काव्य केलें नाहीं, उपदेश केला नाहीं. तरी दोन हजार वर्षांपूर्वीं जुन्नरास धान्याच्या व्यापाऱ्यांचा संघ होता आणि परदेशी माणसें येथें येऊन दानधर्म करीत होतीं, हें आज आपणांस त्या दोन ओळींमुळेंच ठाऊक आहे.

डिंगोऱ्याच्या किंवा कोणत्याही गांवच्या लेखकास असे विषय हवे तितके आहेत. प्रत्येक शेतास, बांधास व ओढ्यास जुनीं नांवें आहेत. तीं सांगणारीं म्हातारीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. तालुक्याच्या पश्चिमेस घाटाकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेस थोड्या कोसांवर लोक आभाळाकडे पाहत बसतात. या दोन टोकांच्या सोयरिकींत काय काय बोलणीं होतात, हें कोणीं लिहिलें आहे? आमच्या भागांत उसाच्या फडांत बिबट्या राहतो. हल्ला झाला कीं वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. परंतु रात्रीच्या विजेच्या पाळीवर पाणी धरावयास गेलेला मनुष्य परत येईपर्यंत घरांत कोण जागें राहतें, मुलांस अंगणांतून किती वाजतां आंत घेतात, हें येथें राहणाऱ्यासच लिहितां येईल. कांद्याचा भाव पडला त्या महिन्यांत घरांतला कोणता बेत रहित झाला, हें हिशेबाच्या वहीवरून सांगतां येतें. हें सर्व साधें आहे, आणि तें आपणांवांचून दुसरें कोणी लिहिणार नाहीं.

गोडसे भटजींचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक होते. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल व घरचें कर्ज फिटेल, या आशेनें ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडांत सांपडले. झांशीस वेढा पडला तेव्हां ते त्या शहरांतच होते. सुमारें पंचवीस वर्षांनीं त्यांनीं आपली हकीकत लिहून काढली. ती चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं माझा प्रवास या नांवानें प्रसिद्ध केली. भटजींनीं स्वतःस ग्रंथकार मानलें नाहीं. जें पाहिलें, जें भोगलें, जी दक्षिणा मिळाली व जी लुटली गेली, तें क्रमानें सांगितलें. त्या काळावर अनेक पंडितांनीं ग्रंथ लिहिले आहेत. पण झांशीच्या गल्लींत तहानेनें व्याकुळ झालेल्या सामान्य मनुष्याची दृष्टि पाहिजे असेल तर या भिक्षुकाकडेच यावें लागतें.

जवळचें लिहावें असें म्हटल्यावर एकत्र कुटुंबांत एक नाजूक प्रश्न लागलीच उभा राहतो. जवळचें म्हणजे घरचें. आणि घरचें चारचौघांत किती सांगावें? रमाबाई रानडे यांनीं आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत आपण शिकूं लागल्यावर घरांतील वडील बायकांनीं कसा छळ केला हें त्यांनीं लपविलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं स्मृतिचित्रें १९३४ पासून पुस्तकरूपानें निघालीं. लक्ष्मीबाई शाळेंत गेलेल्या नव्हत्या. पतीचा तापट स्वभाव, १८९५ सालचें त्यांचें धर्मांतर, त्यामुळें झालेली ताटातूट, हें सर्व त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे. मग घरचें सांगूं नये हा नियम कोठें राहिला? आमच्या मतें भेद असा आहे. या दोघींनीं जें सांगितलें त्यांत स्वतः सोसलेलें होतें, तें पुष्कळ वर्षें मनांत निवलें होतें, आणि सांगतांना दुसऱ्याची फजिती करण्याचा हेतु नव्हता. लक्ष्मीबाई तर पहिल्यानें स्वतःलाच हसतात. काल जावेशीं झालेलें भांडण आज लोकांपुढें मांडणें, ही निराळी गोष्ट आहे.

त्यांत हल्लींच्या साधनांचा एक विशेष ध्यानांत ठेविला पाहिजे. छापलेला अंक रद्दींत तरी जात असे. आतां एकदां बाहेर गेलेला मजकूर मागें घेतला म्हणून नाहींसा होतो असें नाहीं. कोणी तरी त्याची प्रत करून ठेवलेली असते. म्हणून कांहीं मर्यादा आधींच ठरवाव्या. हयात माणसाविषयीं लिहिलें असेल तर तें त्यास आधीं वाचून दाखवावें. मुलांचे आजार, गुण व खोड्या त्यांच्या नांवानिशीं लिहूं नयेत. उद्यां तीं मोठीं होणार आहेत. दुसऱ्याच्या घरचें दुःख हा आपला विषय नव्हे. घरांत कोण केव्हां नसतें, दागिने व पैसा कोठें असतो, असला मजकूर लेखांत ओघानेंही येऊं देऊं नये. आणि दुसऱ्याचें लिखाण आपल्या नांवावर कधीं खपवूं नये. तशी चोरी आज घटकेंत उघडकीस येते.

वडीलधाऱ्यांनींही आपल्याकडून कांहीं दिलें पाहिजे. घरांतील मुलगा लिहूं लागला कीं त्यास निराळी खोली व चहा मिळतो. सून लिहूं लागली कीं तिला दाराशीं कोण आलें तें पाहावयास सांगतात. आठवड्यांतून दोन तास तिचे तिला मिळतील, त्या वेळांत तिला कोणी हांक मारणार नाहीं, एवढी व्यवस्था सासूबाईंनीं मनांत आणलें तर सहज होण्यासारखी आहे. लिहिलेलें सर्वांस पसंत पडेलच असें नाहीं. परंतु ज्या घरांत फक्त कौतुकच लिहिण्याची परवानगी आहे त्या घरची हकीकत पुढच्या पिढीस खरी वाटणार नाहीं, हें वडिलांनीं ओळखावें.

शेवटची गोष्ट समाप्तीची. पत्र बंद करणें म्हणजे अपयश, असें पुष्कळांस वाटतें आणि म्हणून ते तें बंद न करतां नुसतें सोडून देतात. निबंधमाला ८४ अंकांनीं संपली. शेवटीं आमच्या देशाची स्थिति हा निबंध आला, आणि पुढें इंग्रज सरकारास तो जप्त करावा लागला इतका तो प्रखर होता. १८८२ च्या मार्चांत शास्त्रीबोवा वारले तेव्हां ते बत्तीस वर्षांचेही नव्हते. पण माला पुरी होऊन ग्रंथ म्हणून उभी होती. नवशिक्यानें प्रथम फक्त एका वर्षाचा, बारा अंकांचा, संकल्प करावा. बारावा अंक लिहितांनाच पुढें चालवावें कीं थांबावें हें ठरवावें, आणि थांबावयाचें असेल तर वाचकांस तसें सांगून, त्यांचा निरोप घेऊन थांबावें.

मग ते बारा लेख कागदावर उतरवून, तारीख व गांवाचें नांव घालून, शिवून घरांत ठेवावे. यंत्रें बदलतात, कंपन्या बुडतात, सांकेतिक शब्द विसरले जातात. गोडसे भटजींची हकीकत लिहिल्यावर चोवीस-पंचवीस वर्षें प्रसिद्ध झाली नाहीं, तरी ती टिकली, कारण ती कागदावर होती. आपल्या बारा लेखांस आज वीस वाचक असतील. नातवंडांच्या काळांत ओढ्याचें नांव काय होतें, कांदा काय भावानें गेला, आजी रात्रीं कोणाची वाट पाहत बसे, हें विचारणारा एखादा जन्मास आला, तर त्यास तीं शिवलेलीं पानें हातीं लागावीं.